रक्ताला मज्जाव

तंबाखूबरोबर चुन्याची इवलीशी प्लास्टिकची पुडी मिळते. घरातल्या मोठ्या माणसाने ती वापरून कोनाड्यात नाहीतर उशाशी ठेवलेली असते. मुलाच्या हाती लागली की ते ती दाबून बघतं. दाबण्यासारखी कुठलीही वस्तू मुलं दाबून बघतातच. पुडी फुटते आणि ओला चुना पिचकारीसारखा थेट डोळ्यात उडतो. आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना असे अपघात इतके पाहावे लागले आहेत की वैद्यकीय नियतकालिकांतल्या इंग्रजी निबंधांतही 'चुना' हा शब्द जसाच्या तसा जाऊन बसला आहे.

चुना वरवर भाजून थांबत नाही. आम्ल पडलं तर प्रथिनं गोठतात आणि त्या गोठलेल्या थराचाच थोडाफार आडोसा होतो. चुना अल्कधर्मी, तो पेशींच्या आवरणातली स्निग्धता विरघळवत आत आत जातो. काही दिवसांनी आग कमी होते, घरच्यांना वाटतं, निभावलं. पण पुढच्या काही आठवड्यांत बुबुळाच्या कडेकडून बारीक लाल शिरा आत सरकू लागतात. दुखत नाही, खुपत नाही. नजर तेवढी धुरकट होत जाते.

मराठीत बुबुळ हा शब्द आपण सगळ्यालाच वापरतो. काळं-तपकिरी वर्तुळ म्हणजे बुबुळ, मधलं छिद्र म्हणजेही बुबुळ आणि त्यावर घड्याळाच्या काचेसारखी बसलेली पारदर्शक चकतीसुद्धा बुबुळच. त्या चकतीला पुस्तकांत स्वच्छमंडल म्हणतात, दवाखान्यात कॉर्निया. मी कॉर्निया म्हणणार आहे. 'स्वच्छमंडल' गोड शब्द आहे खरा, पण डॉक्टरांच्या तोंडून तो मी अजून ऐकलेला नाही. कॉर्नियाच्या दुखण्यांना मात्र आपल्या आज्या-पणज्यांकडे नेमके शब्द होते. डोळ्यात फूल पडलं, वडस वाढला, खुपऱ्या झाल्या. यांतल्या वडस आणि खुपऱ्या या दोन्ही दुखण्यांत कॉर्नियावर रक्तवाहिन्या चढतात. म्हणजे ज्या गोष्टीविषयी मी लिहितो आहे ती नवी नाही, तिच्याकडे नीट बघणं नवं आहे.

कॉर्नियाच्या अंधत्वाचा विषय निघाला की आपण लगेच नेत्रदानावर येतो. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर पंधरवडा पाळतो, संकल्पपत्रं भरून घेतो, किती डोळे मिळाले ते मोजतो. ते करायलाच हवं. पण मिळालेला कॉर्निया ज्या डोळ्यात बसवायचा त्या डोळ्यात रक्त किती शिरलं आहे, हा प्रश्न आधीचा आहे आणि आपल्या हिशेबात तो जवळजवळ नसतोच. बियाणं मोजायचं आणि जमिनीकडे बघायचंच नाही, असा हा प्रकार आहे.

कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यातले कोलॅजनचे तंतू इतक्या सारख्या अंतराने रचलेले असतात की उजेड न विखुरता आरपार जातो. ही रचना टिकवायची तर मध्ये रक्तवाहिनी येऊन चालणार नाही. वाहिनी आली की तांबड्या पेशी आल्या, तिच्या भिंतीतून झिरपणारं पाणी आणि चरबी आली, तंतूंची अंतरं बिघडली. म्हणून कॉर्निया रक्ताविना जगतो. प्राणवायू तो अश्रूंच्या थरातून, थेट हवेतून घेतो आणि अन्न आतल्या द्रवातून.

इथपर्यंत शाळेत शिकवतात. शिकवताना एक गैरसमजही मनात बसतो, की कॉर्नियात रक्तवाहिन्या 'नसतात', जशा नखात नसतात. नखाला कुणी रक्त पुरवायला येत नाही, कारण तिथे जिवंत असं काही नाही. कॉर्निया जिवंत आहे. त्याच्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन स्वतःच तयार करतात, आणि या प्रथिनाचा निरोप एकच असतो : इकडे रक्तवाहिन्या वाढवा. शिवाय कॉर्नियाच्या अगदी काठावर, पांढऱ्या भागात, रक्तवाहिन्यांची दाट जाळी हजर असते. निमंत्रण घरात लिहून तयार, पाहुणे उंबऱ्याशी उभे, तरी जन्मभर कुणी आत येत नाही. हे कसं?

२००६ साली बलमुरली आणि जयकृष्ण अंबाटी या बंधूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये याचं उत्तर मांडलं. कॉर्निया एक सुटा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, बनवतो. एरवी असा ग्राही रक्तवाहिनीच्या पेशीला चिकटलेला असतो आणि व्हीईजीएफचा निरोप आत पोचवतो. कॉर्नियातला हा ग्राही मोकळा हिंडतो, व्हीईजीएफला धरतो आणि निरोप कुणाला देतच नाही. वाटेतच पत्र खिशात घालणारा पोस्टमन म्हणा. उंदरांमध्ये हा ग्राही निकामी केल्यावर निरोगी कॉर्नियातही रक्तवाहिन्या वाढल्या. त्याच निबंधात एक फार सुंदर पुरावा आहे. मॅनाटी या पाण्यात राहणाऱ्या सस्तन प्राण्याच्या कॉर्नियात मुळातच रक्तवाहिन्या असतात, आणि त्याच्या कॉर्नियात हा ग्राही सापडला नाही. त्याचे नातेवाईक म्हणजे ड्यूगाँग आणि हत्ती. त्यांच्या कॉर्नियात ग्राही आहे आणि रक्तवाहिन्या नाहीत.

या शोधाचं महत्त्व मला औषधापेक्षा विचारात जास्त वाटतं. पारदर्शकता ही काही नसण्याची अवस्था नव्हे. तो अहोरात्र चाललेला पहारा आहे. पहाऱ्यावरचे पहारेकरी एकाहून अधिक आहेत. त्यातल्या काठावरच्या मूळपेशींकडे पुढे येतोच. पण पहारा आहे हे एकदा मानलं की रोगाकडे बघण्याची तऱ्हा बदलते. 'रक्तवाहिन्या का वाढल्या' एवढं विचारून भागत नाही, 'पहारा कुठे ढिला पडला' हेही विचारावं लागतं.

इथे थोडं वळण घेतो, कारण या गोष्टीचा धागा कॅन्सरमधून जातो. बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली असं मांडलं की गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. त्या तोडता आल्या तर गाठ उपाशी राहील. लोकांनी बरीच वर्षं त्यांना हसण्यावारी नेलं. शल्यविशारदाने प्रयोगशाळेत लुडबुड करू नये, असाही सूर होता. फोकमनना पुरावा हवा होता आणि तो दिसेल अशी जागा हवी होती. शरीरात सगळीकडेच रक्तवाहिन्या. नवी कुठली, जुनी कुठली, कसं ओळखणार? त्यांच्या गटाने सशाचा कॉर्निया निवडला. गाठीचा कण त्यात ठेवला आणि काठाकडून निघालेल्या नव्या रक्तवाहिन्या त्या कणाच्या रोखाने जाताना डोळ्यांनी पाहिल्या. कोऱ्या पाटीवर ओढलेली रेघ जशी लपत नाही, तसं ते होतं.

त्यातून पुढे व्हीईजीएफचा शोध लागला, १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने ते वेगळं करून त्याला नाव दिलं आणि फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्य झालं. पुढच्याच वर्षी मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, आजारासाठी वापरून पाहिलं, आणि तिथून ते कॉर्नियापर्यंत आलं. कॉर्नियाने कॅन्सरच्या संशोधनाला आपली पाटी उसनी दिली होती. परतफेड व्हायला तीस वर्षं लागली, आणि ती पुरी झाली असं मी म्हणणार नाही. कारण पुढे सांगतो.

पहारा ढिला कशाने पडतो? कॉन्टॅक्ट लेन्स घालून रोज रात्री झोपणाऱ्यांचा कॉर्निया हवेला पारखा होतो आणि काठाकडून शिरा आत सरकतात. नागीण उठवणाऱ्या विषाणूच्या कुळातला हर्पीस सिम्प्लेक्स कॉर्नियाच्या गाभ्यात सूज आणतो, ती वारंवार उलटते आणि दर खेपेला शिरा थोड्या पुढे जातात. खुपऱ्यांमध्ये त्या वरच्या काठाकडून पडद्यासारख्या उतरतात. भारतात खुपऱ्या आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. मोठी गोष्ट आहे, आणि तिची आपल्याकडे हवी तेवढी दखल घेतली गेली नाही. शेतात पात्याचा ओरखडा लागून बुरशी शिरते. आणि चुना आहेच.

सूज उतरली की शिरांतलं रक्तही आटतं. तपासणीच्या दिव्याखाली मग फिकट, रिकाम्या नळ्या दिसतात. डॉक्टर त्यांना भूतवाहिन्या म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. पुन्हा सूज आली की या रिकाम्या वाटा काही तासांत भरून वाहू लागतात. नवी वाट पाडायला वेळ लागतो, पडलेली वाट बुजत नाही. 'आत्ता डोळा शांत आहे ना, मग नंतर बघू' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता रोपणाकडे येतो. शरीरातल्या सगळ्या अवयवांमध्ये कॉर्नियाचं रोपण सोपं मानतात. रक्तगट जुळवायची सहसा गरज नसते, जन्मभर गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. रक्तवाहिन्या नसलेल्या डोळ्यात पहिल्यांदा रोपण केलं तर पहिल्या वर्षी दहापैकी साधारण नऊ कॉर्निया स्वच्छ राहतात. हे भाग्य त्या मज्जावाचंच. रक्त नाही म्हणून शरीराच्या प्रतिकारशक्तीला परक्या ऊतीचा पत्ताच लागत नाही. शिरा चढल्या की पत्ता लागतो. रक्तवाहिन्यांतून सैनिक येतात, पण त्यांच्या जोडीने वाढलेल्या लसीकावाहिन्या जास्त घातक, कारण त्या बातमी बाहेर नेतात : इथे परकं कुणी आलं आहे. अमेरिकेतल्या १९९२ च्या मोठ्या अभ्यासात कॉर्नियाच्या चारपैकी दोन किंवा अधिक भागांत खोलवर शिरा असतील तर तो डोळा 'जोखमीचा' मानला होता, आणि ती व्याख्या अजून वापरात आहे. अशा डोळ्यांमध्ये निम्मी किंवा त्याहून जास्त रोपणं शेवटी वाया जातात.

आकडा कोरडा वाटतो म्हणून तो जरा घराच्या भाषेत मांडू. एका कुटुंबाने रडत असताना फोन केला, नेत्रपेढीची माणसं आली, सहा तासांच्या आत डोळे घेतले. त्यातला एक कॉर्निया शिरांनी भरलेल्या डोळ्यात बसला आणि वर्षा-दोन वर्षांत पांढरा पडला. दात्याचं दान गेलं, रुग्णाची आशा गेली, आणि नाकारलेल्या कॉर्नियाने शिरा आणखी वाढवल्यामुळे पुढच्या रोपणाची शक्यताही खालावली. बसवण्याआधी त्या डोळ्याची जमीन तयार केली असती तर? हा प्रश्न नेत्रदानाच्या व्यासपीठावर मी कधी ऐकला नाही.

सावध वाचक इथे हात वर करेल. रक्तवाहिन्या शत्रू कशावरून? जखम भरायला त्याच लागतात. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो बाजूला सारणार नाही. बुरशीने कॉर्नियाला खड्डा पडला, तो वितळून फुटायच्या बेतात आला, अशा वेळी काठाकडून शिरा आत येताना दिसल्या की अनुभवी डॉक्टरांना हायसं वाटतं. त्या दुरुस्तीचं सामान घेऊन येतात. शरीराचा हिशेब सरळ आहे : आधी डोळा वाचवा, नजरेचं नंतर पाहू. कॉर्निया फुटून डोळाच गेला तर पारदर्शकता घेऊन काय करायचं? दुसरी गोष्ट, व्हीईजीएफ फक्त शिराच वाढवत नाही, कॉर्नियातल्या चेतातंतूंना आणि वरच्या पेशींच्या थराला भरून यायलाही त्याची मदत होते. बेव्हॅसिझुमॅबचे थेंब फार दिवस चालू ठेवल्यावर काही रुग्णांच्या कॉर्नियाचा वरचा थर भरून येईना, असं नोंदलं गेलं आहे.

म्हणून 'शिरा दिसल्या की मारा' हे धोरण चुकीचं. पण त्यावरून 'शरीराला ठाऊक आहे, होऊ द्या' हेही बरोबर ठरत नाही. शरीराला जगणं ठाऊक आहे, वाचणं-लिहिणं नाही. संकट टळलं की त्याने पाठवलेली माणसं परत बोलवायची व्यवस्था त्याच्याकडे फारशी नाही. तिथे वैद्यकाने हात घालायचा, आणि तो वेळेवर घालायचा. नवी रक्तवाहिनी व्हीईजीएफच्या आधारावर उभी असते, तो काढला की ती गळते. जुनी झाली की तिच्याभोवती आधारपेशींचं वेष्टण तयार होतं आणि मग तिला व्हीईजीएफची गरज उरत नाही. अशा जुन्या शिरांवर व्हीईजीएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांचा फारसा परिणाम होत नाही. तेव्हा त्या जागेवरच बंद कराव्या लागतात. नॉटिंगहॅमचे हरमिंदर दुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली बारीक सुईने शिरेत विद्युतप्रवाह देऊन ती आतून जाळायची रीत वर्णन केली. दुआ मूळचे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. ही रीत आणि इंजेक्शन एकत्र वापरतात, कारण जाळलेली शीर पुन्हा नवी फूट काढू नये.

हे सगळं ठाऊक असताना कॉर्नियातल्या शिरांसाठी म्हणून मान्य झालेलं आणि सर्रास मिळणारं औषध दुकानात का नाही? मला याचं उत्तर विज्ञानात कमी आणि बाजारात जास्त दिसतं. पडद्याच्या आजाराचे रुग्ण श्रीमंत देशांतले वृद्ध आहेत. त्यांच्यासाठी २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब आलं, एका मात्रेला सुमारे २००० डॉलर. त्याच कुळातलं बेव्हॅसिझुमॅब वाटून भरलं तर मात्रेला ५० डॉलरच्या आसपास. २०११ मध्ये अमेरिकी सरकारच्या पैशाने झालेल्या तुलनेत दोघांनी नजर सारखीच राखली. ही तुलना कुठल्या कंपनीने केली नाही, हे लक्षात घ्या. कॉर्नियाच्या शिरांचा रुग्ण बहुधा भारतातला, आफ्रिकेतला, शेतात किंवा बांधकामावर राबणारा. त्याच्यासाठी वेगळं औषध आणायला कुणी धजत नाही. युरोपात थेंबांचं एक औषध मानवी चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं, पण रोजच्या वापरात ते काही आलं नाही. मग डॉक्टर कॅन्सरच्या औषधाची कुपी वाटून, स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात. त्यातली जोखीमही खोटी नाही. जानेवारी २०१६ मध्ये गुजरातमध्ये असं इंजेक्शन दिल्यानंतर काही रुग्णांची दृष्टी गेली, केंद्रीय औषध नियंत्रकांनी डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा काढला आणि नेत्रतज्ज्ञांनी बाजू मांडल्यावर काही आठवड्यांत तो मागे घेतला. मधल्या काळात गरिबांच्या डोळ्यांनी वाट पाहिली. स्वस्त औषध वापरायचं की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा ते निर्जंतुकपणे, लहान मात्रेत भरून देणारी सरकारी व्यवस्था उभी करणं जास्त शहाणपणाचं होतं. अजूनही आहे.

आणि या क्षेत्रातलं मला सर्वांत आवडतं काम शिरांवर हल्ला न करता त्यांना थोपवतं. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर कॉर्नियाच्या मूळपेशी राहतात. त्या कॉर्नियाचा वरचा थर सतत नवा करतात आणि पांढऱ्या भागाला हद्द ओलांडू देत नाहीत. चुना नेमका त्यांनाच मारतो. हद्दीवर कुणी उरलं नाही की पांढऱ्यावरची त्वचा आपल्या शिरांसकट कॉर्नियावर पसरते. अशा डोळ्यात नुसता नवा कॉर्निया बसवून काही साधत नाही, कारण सीमा उघडीच राहते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत वीरेंदर संगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक सोपी रीत मांडली. दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या सीमेवरून दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे, भाजलेल्या डोळ्यावरचा लाल पडदा सोलून तिथे गर्भवेष्टनाचं आवरण पसरायचं आणि त्यावर ते कण गोंदाने अंतराअंतरावर लावायचे. भाताची लावणी पाहिलेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. युरोपात याच कामासाठी पेशी आधी प्रयोगशाळेत वाढवण्याची रीत आहे, खर्च अफाट. इथे डोळाच शेत आणि डोळाच प्रयोगशाळा. कण रुजले की वरचा थर नवा येतो, सीमा पुन्हा उभी राहते आणि शिरा आपणहून मागे हटतात. मात्र एक डोळा तरी धड हवा. दोन्ही भाजले असतील तर पेशी दुसऱ्या कुणाच्या आणाव्या लागतात आणि परकेपणाचा झगडा पुन्हा सुरू होतो.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या माणसांच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण कॉर्नियाचा धूसरपणा हे निघालं. पन्नाशीच्या आत म्हणजे कमावती माणसं आणि शाळकरी मुलं. जिल्हा रुग्णालयात अशा प्रत्येक डोळ्याची नोंद करताना चारपैकी किती भागांत शिरा आहेत ते लिहावं. त्याला तपासणीच्या दिव्यापलीकडे वेगळं यंत्र लागत नाही. शिरा कोवळ्या असतानाच रुग्ण मोठ्या केंद्राकडे जावा. आणि नेत्रपेढीच्या अहवालात 'किती डोळे मिळाले' याच्या शेजारी 'बसवलेल्यांपैकी दोन वर्षांनी किती स्वच्छ आहेत' हा रकाना यावा. दात्यांच्या घरच्यांना तो विचारायचा हक्क आहे.

१९०५ साली ओलोमोउत्स इथे एदुआर्द त्सिर्म यांनी माणसाच्या कॉर्नियाचं पहिलं यशस्वी रोपण केलं. ज्याच्यावर केलं त्या आलॉइस ग्लोगर या मजुराचे डोळेही चुन्यानेच भाजले होते. त्याला दोन्ही डोळ्यांत कॉर्निया बसवले. एक गेला, एक टिकला. शंभराहून अधिक वर्षांनंतर आपण अजून चुना फुटणाऱ्या पुडीतच विकतो. लहान मुलाला उघडता येणार नाही अशा झाकणाची डबी सक्तीची करायला संशोधन लागत नाही, एक सरकारी आदेश पुरतो.

तोवर एवढं करा. डोळ्यात चुना गेला तर रिक्षा बोलावण्याआधी नळ उघडा. डोळा उघडा धरून निदान अर्धा तास वाहत्या पाण्याने धुवा, पापणी उलटून अडकलेले कण ओल्या कापडाने काढा, आणि मग दवाखाना गाठा. दूध, तूप, मध, पाल्याचा रस यांतलं काहीही घालू नका.